चुगलखोर गिटार

दुपारची जेवणं झाली की हैदराबादेतल्या आमच्या नारायणगुड्याच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फारसं फिरकत नसे. काचेच्या दारावर ऊन आडवं पडलेलं असायचं, पंखा आपल्या लयीत कुरकुरत असायचा आणि भिंतीवर टांगलेल्या गिटारी पेंगत असायच्या. रस्त्यावरून एखादी मोठी बस गेली की त्या सगळ्या एकदम हलकंसं गुणगुणायच्या. कुणी हात लावलेला नसायचा. बसच्या घरघरीतला सूर ज्या तारेशी जुळेल ती तार आपणहून थरथरायची आणि मग तिच्या संगतीनं शेजारची. मीसुद्धा स्टुलावर बसून हळूच एखादा सूर लावायचे आणि गप्प व्हायचे. भिंत तोच सूर मला परत द्यायची, जरा उशिरानं, जरा दुरून आल्यासारखा. पगार घेऊन अशी स्वप्नं बघायची नोकरी मी निवृत्त होईपर्यंत केली, आणि अजूनही दुपारी डोळा लागला की तीच भिंत दिसते.

मला गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं काम पारखण्याचं. कारखान्यांतून माल आला की त्यातली कुठली गिटार भिंतीवर लावायची आणि कुठली परत पाठवायची, हे मी ठरवायचे. जुनी विकायला आणली तर तिचं काय द्यायचं, तेही मीच. लोकांना वाटायचं, जिला चार गाणी वाजवता येत नाहीत ती काय डोंबल पारखणार! मी म्हणायचे, चहाच्या कंपनीत चहा चाखणारे तरी कुठं कप संपवतात?

अगदी स्वस्त गिटार पारखावी लागत नाही, ती आपणहून सगळं सांगून टाकते. महागडी तिच्या कारागिरानंच पारखलेली असते. खरी गंमत मधल्या किमतीच्या गिटारीत. त्यातही वायर जोडता येणाऱ्या, म्हणजे नुसत्या लाकडाच्या पोटातूनही बोलणाऱ्या आणि स्पीकरमधूनही. कारखान्याला तिथं थोडं वाचवायचं असतं आणि थोडं मिरवायचंही असतं. कुठं वाचवलं आणि कुठं मिरवलं, हे ओळखणं म्हणजे माझा धंदा.

मी आधी पोटावरच्या गोल भोकाची कड बघायची. वरच्या फळीवरचे लाकडाचे रेषे कडेवरून आत उतरलेले दिसले तर फळी एकसंध. कडेला वेफरसारखे थर दिसले तर प्लायवूड, वर कितीही सुंदर पॉलिश असो. मग गिटार डोळ्यासमोर आडवी धरून, सुतार फळी बघतो तशी मान बघायची. मग मानेच्या कडेवरून तळवा फिरवायचा. आमच्या हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि मानेवरच्या आडव्या पितळी पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन टोचायला लागतात. शेवटी वायर. सहा तारा जिथून उठतात तिथं हाडाची एक पट्टी बसवलेली असते आणि तिच्याखाली एक बारीक पातळ फीत. तारेची थरथर हाडातून फितीत आणि फितीतून वायरमध्ये जाते. हाडाचं बूड जरासं वाकडं असलं की एक तार स्पीकरमध्ये रुसल्यासारखी मागे राहते. नुसत्या कानाला हे कळत नाही, वायर जोडली की कळतं.

हे सगळं मी पुण्याहून आलेल्या एका जोडप्याला अगदी मनापासून समजावून सांगितलं होतं. दोघंही संगणकातली, बोलायला गोड. मोबाईलवर वाचून आली होती आणि माझ्यापेक्षा जास्त शब्द त्यांना येत होते. सगळं ऐकून घेतल्यावर तो मुलगा म्हणाला, "मॅम, यात निळी आहे का?" मी निळी दिली. चांगली होती निळी, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या एक बाई. त्यांना मी सांगितलं की उन्हाळ्यात गिटारला कोरड पडते, तर पेटीत ओला स्पंज ठेवा, साबणाच्या डबीत घालून. त्यांना वाटलं, एवढुशा स्पंजानं काय होणार. त्यांनी सगळा मे महिना गिटार कूलरसमोर उभी केली. जूनमध्ये आणली तेव्हा तिचं पोट असं सुटलेलं की तारा वर उचलल्या जाऊन बोटानं दाबता येईनात. "आम्ही तरी कुठं कूलरशिवाय झोपतो हो," त्या म्हणाल्या. या बोलण्यात इतकी माया होती की मला रागावता आलं नाही.

असं पोट सुटलेलं, मान वाकलेलं सगळं जब्बारभाईंकडे जायचं. दुकानाच्या मागच्या खोलीत ते बसत. अफझलगंजातून लाकूड, सरस, हाडाचे तुकडे घेऊन यायचे आणि मला आपा म्हणायचे, वयानं माझ्यापेक्षा मोठे असून. त्यांचे हात काय करतात ते बघत मी कितीतरी दुपारी काढल्या.

एकदा मधल्या किमतीचा माल आला, त्यात एक गिटार निघाली. वरची फळी एकसंध, हवी त्याहून थोडी पातळ तासलेली. नुसती वाजवली तर आवाज ठीक, विशेष काही नाही. पण मांडीवर घेतली की मांजर घेतल्यासारखं वाटायचं, सगळं अंग बारीक थरथरायचं. आणि वायर जोडली की मात्र अनर्थ. शर्टाची बाही घासली तर स्पीकरमधून खरखर. बटण लागलं तर टक्. जब्बारभाई तिच्याशेजारी बसून मला काही सांगायला लागले तर त्यांचं बोलणंही स्पीकरमधून पुसट ऐकू आलं.

जब्बारभाईंनी दोन्ही हात वर केले. "आपा, ये नक्को देव किसीकू. चुगलखोर है ये. तुम सांस लिये तो बी बाहर बोल देती."

तेव्हापासून ती चुगलखोर. आमच्या धंद्यात हा दोषच. वाजवणाऱ्याला तारा ऐकवायच्या असतात, आपल्या बाहीची सळसळ नव्हे. परत पाठवायची म्हणून मी तिला कोपऱ्यात उभी केली आणि मग परत पाठवायचं राहूनच गेलं. रोज दुपारी बस गेली की भिंतीआधी ती गुणगुणायची.

अशाच एका दुपारी प्रभाकरराव आणि वत्सलाबाई आले. नल्लकुंट्याला राहणारे, मूळचे परभणीकडचे. प्रभाकरराव शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. कॉलेजात असताना गिटार शिकले होते आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी घरच्या घरी जुनी सिनेमाची गाणी वाजवायचे. जुनी गिटार वाळून फुटली होती. आत शिरल्यापासून ते जरा मोठ्यानं बोलत होते.

"बाई, माझे कान जायलेत," ते म्हणाले. ऊन वाढायलंय म्हणावं इतक्या सहज. "एक गेलाच. दुसरा थोडा आहे. डॉक्टर म्हणतात नस वाळायली, इलाज नाही. मशीन लावून बघितलं, त्यात बोलणं कळतं थोडं, पण तार छेडली की पत्रा घासल्यावाणी येते. तर मला अशी गिटार पाहिजे की जी कान गेल्यावर वाजवता येईल."

मी स्टूल पुढं सरकवलं. वत्सलाबाईंनी त्यांची बाही ओढली, त्यांनी वळून बघितलं. "बसा की आधी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "बघा ना. जन्मभर मी स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणून हाक मारायची आणि हे 'आलो, आलो' म्हणायचे. यायचे कधीच नाहीत, चहाचं पार पाणी व्हायचं. आता हाकच पोचत नाही. उठून जाऊन बाही ओढावी लागते. जनावराला ओढावं तसं वाटतंय मला." एवढं बोलून त्या भिंतीवरच्या गिटारी बघायला लागल्या.

मी माझ्या सवयीनं सगळ्यात चांगली काढून दिली. आवाज गोल, सहाही तारा सारख्या, फीत अगदी शहाणी. प्रभाकररावांनी ती नीट वाजवली. मग हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली, डोळे मिटले आणि पुन्हा वाजवली. "छान आहे," ते म्हणाले. "पण ही कानाशी बोलायली. मला अंगाला लागणारी पाहिजे."

दुसरी दिली, तिसरी दिली. प्रत्येकीला ते हनुवटी टेकवायचे आणि सभ्यपणे मान हलवायचे. भिंत संपत आली. मग ते स्वतःच उठले, कोपऱ्यातल्या चुगलखोरला मांडीवर घेतलं, हनुवटी टेकवली आणि एकच जाड तार छेडली. त्यांचा चेहरा असा सैल झाला की मी दुसरीकडे बघितलं. परक्या माणसाचं इतकं खासगी सुख बघू नये असं मला वाटलं.

तरी मी विकायला तयार नव्हते. माझी पारख होती, माझ्या नावावर खराब माल जाणार? मी वायर जोडून दाखवली, बाही घासून दाखवली, फळीवर बोट वाजवून दाखवलं. "काका, हिला सगळंच ऐकू जातं. दोष आहे हिच्यात."

प्रभाकरराव माझ्या ओठांकडे बघत होते. "माझ्यात उलटा दोष आहे," ते म्हणाले. "जमंल आमचं."

मग मी त्यांना तिच्या बगलेतला छोटा पडदा दाखवला. तार सुरात आली की त्यावर हिरवा दिवा लागतो. वायरवाल्या गिटारीत ही सोय असते, आणि आम्ही ती कुणाला फारशी सांगतही नाही, कारण सगळे कानानं लावतात. प्रभाकरराव त्या दिव्याकडे बघतच राहिले. एकेक तार उतरवून परत चढवली, हिरवा लागेपर्यंत. "म्हणजे सूर दिसंल मला," ते वत्सलाबाईंना म्हणाले. मालकांनी किंमत कमी लावली आणि मी एक छोटा स्पीकर बरोबर दिला. त्याचं काय करायचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना होतं.

ते मला पुढं कळलं, वत्सलाबाई तारा न्यायला आल्या तेव्हा. त्यांच्या घरी बसायच्या खोलीत जुना लाकडी तखत होता. प्रभाकररावांनी स्पीकर त्या तखताच्या खाली फळीला चिकटवून बसवला. तखतावर मांडी घालून ते वाजवायचे आणि सूर खालून अंगात चढायचा. वाजवून झालं की गिटार लांब वायरीसकट स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असायची. तिथून वत्सलाबाई तिच्या पोटाच्या भोकाशी तोंड नेऊन "अहो" म्हणायच्या. शब्द कुठला कळायला, पण त्या हाकेचा हेलकावा तखतातून त्यांच्यापर्यंत जायचा. "आणि काय म्हणतात?" मी विचारलं. वत्सलाबाई तारांची पुडी पिशवीत टाकत हसल्या. "काय म्हणणार? तेच."

तोपर्यंत दुसरा कानही गेला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, एकट्या, आणि आल्या आल्या स्टुलावर बसून रडायला लागल्या. पुण्याचा पुतण्या मुक्कामाला आला होता. चांगला मुलगा, काकावर जीव. त्यानं गिटारला हेडफोन लावून ऐकलं तर खरखर, टकटक, सगळा गोंगाट. काकाला ऐकू येत नाही म्हणून दुकानानं खराब माल गळ्यात मारला, असं त्याला वाटलं. काकाला चकित करायचं म्हणून तो ती गुपचूप माधापूरकडच्या एका दुकानात घेऊन गेला आणि दुरुस्त करून आणली. आता तिच्यातून एकही फालतू आवाज येत नव्हता.

"आणि ह्यांना काहीच येईना," वत्सलाबाई म्हणाल्या. "वाजवून बघितलं, तखतावर हात फिरवून बघितलं. मग गिटार ठेवून दिली. म्हणाले, आता अंगही बहिरं झालं वाटतं. तेव्हापासून खिडकीत बसून राहतात. गिटारचं काही झालंय हे त्यांना ठाऊक नाही, आणि मी कुठल्या तोंडानं सांगू? पोरानं प्रेमानं केलं हो."

जब्बारभाई दाराशी उभं राहून ऐकत होते. त्यांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. "चलो आपा."

नल्लकुंट्याच्या त्या घरात दुपारची सावली होती. प्रभाकरराव खिडकीत होते. आम्हाला बघून हात जोडले, उगीच हसले. मी गिटार दाखवून खुणेनं सांगितलं, हिचं पोट बिघडलंय, तुमचं काही नाही. त्यांना ते पटलं नाही हे मला दिसलं. आजाऱ्याची समजूत काढावी तसं हे लोक करतायत, असंच त्यांच्या तोंडावर होतं. तरी ते तखतावर येऊन बसले.

जब्बारभाईंनी तारा काढल्या. हाडाच्या पट्टीखाली कुणीतरी चामड्याची पातळ चकती घातली होती आणि फळीच्या आतून, बरोबर त्याच जागी, रबराची गादी चिकटवली होती. सुरेख काम होतं. मला विचारलं असतं तर मीही हेच करायला सांगितलं असतं.

"जिंदगीभर खराब चीज अच्छी करा मैं," जब्बारभाई पुटपुटले. "आज अच्छी कू खराब करना पडरा."

गादी निघाली. तारा चढवल्या, मी वाजवलं. माझ्या कानाला सगळं आलं. प्रभाकररावांचे तळवे तखतावर सपाट टेकलेले होते. त्यांनी मान हलवली. नाही. चामड्याच्या जाडीइतकं हाड त्या दुकानानं तासलेलं होतं, त्यामुळे चामडं काढलं तर हाड खाली बसलं आणि तारा मानेवरच्या पट्ट्यांवर खडखडायला लागल्या. पुन्हा तारा काढल्या. जब्बारभाईंनी पिशवीतून हाडाचा नवा तुकडा काढला आणि जमिनीवर बसून घासायला घेतला. घासायचे, बसवायचे, मी वाजवायची, आणि प्रभाकरराव मान हलवायचे. प्रत्येक वेळी ते जरा जास्त सभ्यपणे मान हलवत होते, आणि तेच मला सहन होत नव्हतं. वत्सलाबाई स्वयंपाकघरात गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

मला वाटलं, मी चुकीच्या ठिकाणी ऐकतेय. मी कापूस मागून घेतला, कानांत गच्च कोंबला, वर ओढणी गुंडाळली आणि प्रभाकररावांच्या शेजारी तखतावर तळवे टेकून बसले. जब्बारभाईंना म्हटलं, आता तुम्ही वाजवा. सगळं जग लांब गेलं. पंखा फिरत होता पण मुका, खिडकीबाहेर चिंचेची पानं हलत होती आणि त्यांचा आवाज नव्हता. मग तळव्याखाली काहीतरी चालायला लागलं. जाड तार आली, दोरखंड सरकावा तशी. दुसरी आली. तिसरी आली ती मुंग्यांच्या रांगेसारखी. पुढच्या तीन आल्याच नाहीत. मी डोळे मिटून वाट बघत होते आणि तिथं नुसतं लाकूड होतं, थंड. त्या माणसाला इतके दिवस काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

कापूस काढून मी जब्बारभाईंना सांगितलं, बारीक तारांच्या बाजूनं हाड बुडाशी टेकत नाहीये. एरवी मी हे स्पीकरशी कान लावून सांगितलं असतं, पण बारीकशा टेकण्यानंही कान समाधानी होतो. तळव्याला पूर्ण टेकलेलं लागतं. त्यांनी हाड उजेडात धरलं, मान डोलावली आणि फार हळू, श्वास धरून, तेवढीच बाजू घासली. पट्टी खाचेत घट्ट बसवली. तारा चढल्या. हिरवा दिवा एकेक करून लागला.

आता वाजवून बघायचं धाडस कुणालाच होईना. मी गिटार उचलली आणि नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन उभी केली. वायर तखताखाली जात होती. प्रभाकरराव आमच्याकडे पाठ करून पुन्हा खिडकीकडे बघत होते, तळवे तखतावर तसेच राहिलेले. त्यांनी आशा सोडली होती, पाहुण्यांसमोर उठून जायला नको म्हणून बसले होते.

वत्सलाबाई पदराला हात पुसत दाराशी आल्या. माझ्याकडे बघितलं. मी बाजूला सरकले. त्या वाकल्या, गिटारच्या पोटाशी तोंड नेलं आणि रोज मारायच्या त्याच आवाजात, जरा त्रासिक, जरा लांबवून, हाक मारली.

"अहो!"

माझी पारख काय होती, ती मी वर सांगितली आहेच. एकसंध फळी, सरळ मान, सहा सारख्या तारा, शहाणी फीत. त्या हिशेबानं ती गिटार आजही नापास आहे. निवृत्त झाल्यापासून मी लग्नाकार्यात जाते तेव्हा गाण्याकडे माझं लक्ष नसतं, वाजवणाऱ्याची कुठली तार मागे पडतेय तेच ऐकू येतं, आणि याचं मला वाईट वाटतं. इतकी वर्षं ऐकून ऐकून मी ऐकायचीच राहिले. माझ्या मुलीला मराठी नीट वाचता येत नाही, तेव्हा हेसुद्धा मी तिला फोनवर बोलूनच पाठवणार आहे. तिला मी एवढंच सांगणार, की मी जन्मात एकदाच एका गिटारची खरी किंमत बघितली, आणि ती बघायला माझ्या कानात कापूस असता तरी चाललं असतं.

कारण प्रभाकररावांचे तळवे आधी दचकले. मग त्यांनी ते तखतावर आणखी घट्ट दाबले. मान वळवली नाही, खिडकीतून नजरही काढली नाही.

"आलो, आलो," ते म्हणाले. आणि पूर्वीसारखेच जागचे हलले नाहीत.